ओट्यावरचा चहा

नंदाबाईने चहाचा पेला ओट्याच्या कडेला ठेवला, वर बशी झाकली आणि आत येऊन दार ओढून घेतलं. बाहेर धुकं असं दाटलं होतं की समोरचा गोठासुद्धा दिसत नव्हता.

जरा वेळाने खालच्या वळणावर विजेच्या खांबावर लोखंड वाजलं. ठण्ण. मग थांबून, ठण्ण ठण्ण.

"आले माजे पोलीस," ती स्वतःशीच म्हणाली आणि निवांत भाकऱ्या थापायला बसली.

पवना धरणाच्या वरच्या अंगाला नंदाबाई आणि गेणूचं घर एकटंच होतं. आषाढात पलीकडच्या वस्तीवरच्या शालूबाईला कुणीतरी भरदिवसा, असल्याच धुक्यात, डोक्यात घाव घालून पाडलं आणि कानातलं ओरबाडून नेलं. शालूबाई जगली, पण तिची वाचा गेली. आता ती दाराकडे बघत बसते. दार वाऱ्याने हललं तरी भिंतीला चिकटते.

तिला बघून आल्यावर नंदाबाईने नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "बंदूकवाले पोलीस फिरले तर ऱ्हाते. न्हाईतर मी चालले टाकव्याला लेकीकडं. तुमी बसा म्हशीच्या गळ्यात पडून."

ग्रामसभेत यावरून चांगलीच जुंपली. गोरखभाऊ उठले. त्यांच्या पोराला एकदा पोलिसांनी नुसत्या संशयावरून उचललं होतं, तेव्हापासून पोरगा पाय ओढत चालतो.

"बंदूक आली की पयली झडती आमच्या विहाराम्होरं हुती," ते म्हणाले. "आन धुक्यात बंदूक कुणाच्या खांद्याव हाय, ते दिसायचं कसं?"

"मग चोराला ववाळायचं का, भाऊ?" नंदाबाई म्हणाली. सभा हसली.

गेणू हसला नाही. "दोन दिस येतील, फोटू काढतील आन जातील," तो शेजारच्याला म्हणाला.

सभेला आलेल्या पोलीस ठाण्याच्या साहेबांनी मात्र शब्द दिला. रोज दिवेलागणीला दोन शिपाई रायफली घेऊन फिरतील. धुक्यात दिसले नाहीत तरी लोकांना कळावं म्हणून खांबाखांबावर ठोका मारतील.

पहिल्या संध्याकाळी दोन तरणे शिपाई ओट्यावर बसून चहा पिऊन गेले. मग धुकं उतरलं ते उठलंच नाही. शिपाई दिसेनात, पण ठोका चुकला नाही. नंदाबाई पेला ठेवायची. थोड्या वेळाने बघावं तर पेला रिकामा, विसळून पालथा घातलेला. कुणाच्या तरी आईने चांगलं वळण लावलंय, असं तिला वाटायचं.

गेणू त्या वेळी मारुतीच्या देवळात भजनाला गेलेला असे. परतला की घोंगडीतून पाणी निथळायचं.

"बगा, आले का न्हाई? तुमचं भजन चुकंल, पर ते न्हाई चुकायचे."

"व्हय बाई. तुजंच खरं."

"चहा टाकू?"

"नगं. पित्त हुतंय. खांद्याला तेवढं तेल चोळ."

"टाळ वाजवता का घण मारता?" ती हसून म्हणायची. "आन गोठ्याच्या दाराचा गज कुटं गेला वो? म्हस रेटती दार."

"आसंल कुटंतरी."

नंदाबाईला आता कशाचंच भय उरलं नव्हतं. पवनानगरच्या जीपमध्ये ती कुणालाही सांगायची, "पोलीस माजा चहा प्याल्याबिगर जात न्हाईत. खांबाव ठोका पडला की मी कडीबी लावत न्हाई." परवा शेजारी बसलेला टोपी घातलेला एक अनोळखी माणूस कौतुकाने ऐकत होता. "आलं घालता का, मावशी?" त्याने विचारलं. "घालते की. धुक्यात फिरत्यात बिचारे."

आज गेणू तापाने फणफणला होता. दोनदा उठला, दोनदा कोसळला.

"आता भजनाला जाता व्हय या अंगानं?" नंदाबाईने त्याला पुन्हा आडवं केलं.

"धुकं हाय का?"

"हातभर म्होरं दिसत न्हाई."

तो म्हणाला, "नंदे, आज ठोका न्हाई पडला, तर जाशील व्हय लेकीकडं?"

"पडंल की. न पडायला काय झालं?"

"न्हाईच पडला तर?"

"तापात बरळू नगा." तिने आलं ठेचलं, चहा उकळला, पेल्यात गाळला. गेणूने कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले. जणू कुठलीतरी बोलणी खायची तयारी करत होता.

खालच्या वळणावर लोखंड वाजलं. ठण्ण. मग थांबून, ठण्ण ठण्ण.

"बगा!" नंदाबाईने पेला उचलला आणि दाराची कडी काढली.

"नंदे, कडी लाव."

त्याचा आवाज ऐकून ती वळली. गेणू उठून बसला होता. तोंड पांढरंफटक. तो खाटेखाली हात घालून काहीतरी चाचपत होता. त्याने ते ओढून बाहेर काढलं. गोठ्याच्या दाराचा गज. टोकाला खांबाचा चंदेरी रंग लागलेला.

ठोका आता अंगणातल्या खांबावर पडला.

"पोलीस दोनच दिस आले, नंदे," गेणू म्हणाला. "फुडं रोज मीच वाजवत हुतो."

ओट्यावर पावलं चढली. कडी काढलेलं दार हळूच आत सरकलं.

"मावशी, आलं घातलंय ना?"