शेवटच्या पाळीचा शर्ट

“नियम कामगारांपुरता आहे, बाई,” कंपनीचे साहेब म्हणाले. “फुप्फुसांची तपासणी त्यांचीच होणार. बायकांची नाही.”

मंदाकिनी धाप आवरत बसली होती. आंबिवलीहून ठाण्याला येताना सून मैथिली दोनदा म्हणाली होती, “आई, परत फिरू या.” ती फिरली नव्हती.

तिला फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता. क्वचितच कोणाला होतो, डॉक्टर म्हणाले. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जातात, तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात, मग डोकं वर काढतात. “कुठे कामाला होतात?” त्यांनी विचारलं होतं.

“मोरीत,” ती म्हणाली होती.

तिचा नवरा हरिहर ह्याच कंपनीच्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता. घरी यायचा तो पांढरा होऊन. ती त्याचा खाकी शर्ट गॅलरीत झटकायची, मग धुवायची. उतरत्या उन्हात धूळ चमकायची. “पिठाच्या गिरणीवाल्याशी लग्न केलंय मी,” ती म्हणायची. शेजारणी आपापल्या नवऱ्यांचे शर्ट झटकत हसायच्या. हरिहर मागेच हृदयविकारानं गेला. त्या शेजारणींपैकी अकरा जणी अजून होत्या. त्यांच्यातल्या जनाबाईला आता जिना चढवत नव्हता.

“तपासणी त्या अकरा जणींची हवी,” मंदाकिनी म्हणाली. “माझं काय ते कळलंय.”

“घरी आलेल्या धुळीनं कोणाला काही होत नाही.”

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. त्याला दोन गाठी होत्या. “ह्यांचा शेवटच्या पाळीचा शर्ट. आठवण म्हणून ठेवलाय.” तिनं पहिली गाठ सोडली.

साहेबांची खुर्ची मागे भिंतीला टेकली. रुमाल नाकावर गेला. “अहो, इथे उघडू नका ते.”

“का? घरी आलेलीच धूळ आहे.” तिची बोटं दुसऱ्या गाठीवर गेली.

साहेब आता दाराशी होते. “थांबा. नावं सांगा.”

तिनं सावकाश अकरा नावं सांगितली. त्यांनी ती तपासणीच्या कागदावर उभ्यानंच लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला. कागद मैथिलीच्या पर्समध्ये गेल्यावर मंदाकिनीनं दुसरी गाठ सोडली.

शर्ट इस्त्रीच्या घडीचा होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“बसा, साहेब,” ती म्हणाली. “ह्यांचे शर्ट न धुता ठेवणारी असते, तर मी आज इथे आले असते का?”