भूल देण्याआधी

"दारू, सिगारेट, गांजा, यातलं काही घेतोस का?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खाटेच्या कडेला टेकत विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला, आणि त्याने आईकडे पाहिलं.

वडील पायथ्याशी उभे होते. मुलाच्या तोंडून शब्द निघण्याआधीच त्यांची मान हलली होती. आमच्या घरात चहासुद्धा दुसऱ्यांदा होत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. आईने मुलाच्या अंगावरची चादर सारखी केली.

या बाबतीत ती गेली काही वर्षं गप्पच होती. ती शिवणकाम करायची, त्यामुळे कपड्यावरचं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. मुलाच्या शर्टांवर छातीपाशी बारीक भोकं दिसू लागली तेव्हा तिला वाटलं, कसर लागली असेल. मग एकदा खिशाच्या शिवणीत बिया सापडल्या. पेटलेल्या गांजातली बी फुटली की ठिणगी उडते, हे तिला मुलाकडूनच कळलं. तिने ती भोकं रफू केली आणि वास मारणारे शर्ट वेगळे धुतले. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरं करणार तरी काय? वडिलांनी उभा जन्म शाळेची बस चालवली होती आणि निवृत्त होताना शब्द टाकून मुलाला त्याच बसवर लावलं होतं. बभ्रा झाला असता तर मुलाची नोकरी गेली असती आणि बापाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पण मुलगा तिच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. डोळे लाल, तोंडाला सदा कोरड. आत्ता सांगितलेलं आत्ता विसरायचा. किल्ली हातात धरून घरभर किल्ली शोधायचा, तेव्हा ती हसलीसुद्धा होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत होती. काल बसच्या पायरीवरून त्याचा पाय चुकला आणि हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बसमध्ये मुलं नव्हती, एवढंच नशीब.

आणि आज सकाळी इस्पितळाच्या न्हाणीघरातून तोच वास आला होता. फार दुखत होतं म्हणून ओढला, असं तो म्हणाला. वर कोणाला बोललीस तर माझी शपथ आहे, असंही म्हणाला.

डॉक्टर बोलायला मऊ होते. कसली घाई नाही, गडबड नाही. त्यांनी मुलाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, घाबरू नकोस म्हणाले. मधेच खिशातून बाटली काढून स्वतःच्या लाल डोळ्यांत दोन थेंब टाकले. जागरण झालंय, असं हसत सांगितलं. खाटेजवळच्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायले. जाताना चष्मा खाटेवरच राहिला, तो न्यायला परत आले. आईला त्यांची कीव आली. यांचीही आई कुठेतरी, जरा झोप रे बाबा, म्हणत असेल, असं तिच्या मनात आलं.

मुलाला आत नेलं. दोघं नवरा-बायको बाहेरच्या बाकावर बसली. बाकावर एक जण आधीपासून होता. त्याने सहज सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने भूल देण्याआधी काहीतरी लपवलं आणि जिवावर बेतलं. नक्की काय लपवलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आई उठली आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर टकटक करू लागली. नवरा मागून, अगं काय करतेस, म्हणत आला.

दार उघडून डॉक्टरच बाहेर आले.

"माझा मुलगा खोटं बोलला," ती म्हणाली. "तो गांजा ओढतो. रोज. आज सकाळीसुद्धा ओढलाय."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार बरं केलंत, आई. मी नेहमीच्या मापाने भूल दिली असती. अशा माणसाला ती पुरत नाही, मधेच शुद्धीवर येतो. आणि सकाळी ओढला असेल तर हृदयाचा भरवसा नाही. आता ऑपरेशन उद्यावर ढकलतो. काळजी करू नका, ही गोष्ट माझ्यापाशीच राहील."

ते आत गेले. वडील भिंतीला टेकून उभे होते.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही त्याला बसवर लावलंत, त्याच्या आधीपासून."

"आणि तू रफू करत बसलीस."

वडील बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. आयुष्यभर बोलणी खावी लागली तरी खाईन, तिने ठरवलं. नोकरी गेली तर गेली. शिलाईच्या पैशात चूल पेटेल. पोरगा जिवंत घरी येईल, यापुढे तिला काही नको होतं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटलं आणि पदर तोंडाला लावून ती पोटभर रडली.

तिचं रडणं थांबलं तेव्हा दार पुन्हा उघडलं. डॉक्टर बाहेर आले. तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली, चेहऱ्यावर तेच मऊ हसू.

"भूल दिली, छान झोपलाय," ते म्हणाले. "एकच विचारायचं राहून गेलं होतं, आई. तो गांजाबिंजा ओढत नाही ना?"