एका घराला एकच रिमोट

घरातले सात रिमोट माळ्यावर टाकून हेरंबने टीव्हीपासून दारापर्यंत सगळं चालवणारा एकच रिमोट निवडला. ज्याचं बोट पहिल्यांदा लागेल, त्याचाच हुकूम तो जन्मभर मानणार होता. पण कुंकू लावल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही, म्हणून आईने तो खोक्यात असतानाच त्यावर बोटाने कुंकू टेकवलं.

आज बंगळुरूच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला हेरंब बॅग घेऊन बंद दाराशी उभा होता.

"आई, दार उघड. विमान चुकेल."

"तिकडे धड पोळी मिळत नाही म्हणे," आई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

"आई, चाळीस मिनिटं झाली."

आईने रिमोट उचलला. हेरंबने बॅग उचलली.

डोक्यावरचा पंखा सुरू झाला.

"घाम आलाय तुला. बस जरा."