माणिकची झोप

लातूर जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या दुष्काळी उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचा, माणिकचा, दमा विकोपाला गेला. आडवं केलं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून तो रात्रभर आईच्या छातीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा.

मुरुडचा एक हाडवैद्य पाठीचे मणके बसवून दमा घालवतो, असं आईच्या कानावर आलं.

“डॉक्टर थकले, अन् हा हाडं मोडणारा बरं करणार व्हय?” वडील म्हणाले.

“दमा ऱ्हाऊ द्या. एक रात्र लेकरू आडवं झोपलं, तरी लई झालं.”

सोमवारच्या एसटीनं मुरुडला जायचं ठरलं.

रविवारी पहाटे माणिक आईच्या कुशीत, बसल्या बसल्याच गेला.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच मातीत ठेवतात. खड्डा तयार झाला. माणिकला आत बसवायला जंगमस्वामींनी हात पुढे केले. आईनं मिठी सोडली नाही.



“स्वामी, ह्याला तेवढं आडवं ठेवा. लई दिवस झाले, लेकरानं पाठ टेकली न्हाई.”