चारशे बारा ग्रॅम

"बाई, सतरा मिनिटं उरलीत. पण घाई करू नका, पॅकिंगमध्ये जागा रिकामी आहे," डिझाइनचे साहेब म्हणाले.

तिने मान वर केली नाही. कारखान्यानेच घेतलेल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेतला शेवटचा प्रश्न पडद्यावर उघडला होता. ड्रॉइंगप्रमाणे एक ब्रॅकेट संगणकात उभं करायचं, धातू म्हणून अॅल्युमिनियम निवडायचं आणि तयार झालेल्या वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहायचं. वजन बरोबर तर आकार बरोबर. एका टक्क्याहून जास्त चूक झाली की शून्य, आणि या एकाच प्रश्नाला तीस गुण. जुनी मशीनं बंद होणार होती; ते गुण मिळाले तर ती नव्या मशीनवर जाणार होती. नाही तर सोमवारपासून खोक्यांना चिकटपट्ट्या.

खोलीत ती आणि साहेब असे दोघंच उरले होते. बरोबरची पोरं केव्हाच पेपर टाकून पळाली होती. साहेब समोर खुर्चीची पाठ पार मागे टाकून झुलत होते. अंगाने भरभक्कम माणूस. कारखाना खुर्च्यांचा आणि साहेबांचा दिवस बहुतेक खुर्चीतच जायचा, त्यामुळे मालाची परीक्षा आपोआप व्हायची.

अकरा वर्षं ती धातू कापायच्या मिलिंग मशीनवर होती. कुठलाही भाग तळहातावर घेऊन ती वजन सांगायची, फरक फार तर दोन ग्रॅमचा. म्हणून कारखान्यात तिला सगळे तराजू म्हणत. संगणक मात्र तिला लेकीने शिकवला, जुन्या लॅपटॉपवर, तीन महिने, डोकं खात. सकाळी निघताना लेक म्हणाली होती, "आई, पेपरात शहाणपणा करू नकोस. ड्रॉइंगमध्ये दिसतंय तेवढंच काढ."

तिने तेवढंच काढलं. तळाची पट्टी काढली, चार भोकं पाडली, वरचा कान उभा केला. शेवटी मधली आधाराची उभी भिंत, जिला कारखान्यात रिब म्हणतात, ती काढली. जाडी सहा मिलिमीटर. मग वजन विचारलं. संगणकाने चारशे बारा सांगितलं.

तिचा हात थांबला. ड्रॉइंग पाहताक्षणीच तिने ते ब्रॅकेट ओळखलं होतं. बैठकीखालचं, तिचं रोजचं. अकरा वर्षांत तिच्या तळहाताने ते हजारो वेळा तोललं होतं, आणि ते चारशे एकतीस भरायचं.

वरचे एकोणीस ग्रॅम कुठले, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात वजन टाकून चाचणी घेताना सहाची रिब तडकली होती. तेव्हा ती तुकडा घेऊन साहेबांकडे गेली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे आता मिलिंगवरची बाई मला गणित शिकवणार." लोक हसले. त्या दिवसापासून रिबवरून कटरचा शेवटचा फेरा ती घेतच नसे. रिब नऊची राहायची. तपासणीतले म्हातारे काका नेमके त्या मापाच्या वेळी चष्मा पुसायला काढत. झाकली मूठ राहिली, खुर्च्या टिकल्या आणि त्या खुर्च्यांवर साहेबांना दोनदा बढती मिळाली.

नवं मशीन संगणकातलं मॉडेल वाचून स्वतःच कापणार होतं. मॉडेलात सहा तर सहा. फेरा सोडणारा हात मध्ये नाही.

तिला साहेबांचा राग होता. अकरा वर्षांचा, चांगला मुरलेला. तरी ती बोलली.

"साहेब, ही रिब सहाची आहे. इथे नऊ लागते. सहाची तडकते."

साहेबांची खुर्ची झुलायची थांबली. "अकरा वर्षं झाली, या ब्रॅकेटची एक तक्रार नाही. डिझाइन माझं आहे. तुम्ही पेपर द्यायला आलात की घ्यायला?"

"एकदा चाचणी लावून बघा, एवढंच म्हणते."

"ती मीच करणार आहे. नव्या लॉटची पहिली खुर्ची माझ्या केबिनमध्ये. महिनाभर मी बसणार, मगच माल गिऱ्हाइकाकडे. तुम्ही ड्रॉइंगमध्ये आहे तेवढं करा. हाताची अक्कल बंद व्हावी म्हणूनच तर मशीन आणलंय."

एकोणीस ग्रॅमची गोष्ट तिच्या अगदी ओठांवर आली होती. पण ती सांगायची म्हणजे अकरा वर्षं ड्रॉइंग मोडल्याची कबुली. तिची नोकरी गेली असती आणि काकांचीही. हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात अर्थ नव्हता. सांगायचं ते तिने दोनदा सांगून झालं होतं, एकदा तेव्हा आणि एकदा आता.

तिने चारशे बारा लिहिलं आणि बटण दाबलं.

निकाल लगेच आला. शंभरपैकी शहाण्णव. साहेबांनी उठून पडद्याजवळ येऊन तो दोनदा वाचला. त्यांचं तोंड कडू झालं.

"पाठांतर बरं आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून नव्या मशीनवर या. आणि लक्षात ठेवा, मॉडेलप्रमाणेच. एक मिलिमीटर इकडचा तिकडे चालणार नाही."

"नाही चालवणार, साहेब."

ते परत खुर्चीत आदळले आणि सगळा भार टाकून मागे कलले. खुर्ची जराशी कुरकुरली, पण भार पेलून राहिली. खाली तिचंच ब्रॅकेट होतं, नऊच्या रिबचं.

तिने पिशवी खांद्याला लावली. दारापाशी जाऊन ती वळली.

"साहेब, नवी खुर्ची आली की असं मागे रेलू नका."