हजर एक

आक्का आवकच्या टेबलावरून उठली, हातातला अर्ज तपासणीच्या टेबलावर ठेवला, वळसा घालून त्याच टेबलामागे जाऊन बसली आणि म्हणाली, "हा कुणी पाठवला?"

धाकटी बहीण खळखळून हसली आणि मग तिला रडूच कोसळलं. ती कायद्याची प्राध्यापिका. सरकारी कचेऱ्यांना माणसं किती लागतात आणि असतात किती, यावर तीन वर्षं संशोधन करत होती. पण दाखल्यांच्या या कचेरीत ती आज बहीण म्हणूनच आली होती. इथे टेबलं सात आणि माणूस एकच. बाकीचे कुणी निवृत्त झाले, कुणी बदलून गेले, आणि एकेक करून सगळी कामं आक्काच्या गळ्यात पडली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, असंच चाललं तर एक दिवस खुर्चीतच आटोपेल. मी म्हटलं, सातांपैकी कुठल्या, ते तरी सांगा!"

"चेष्टा पुरे, आक्का. रजा टाक."

"आणि मंजूर कोण करणार? रजेचं टेबलही माझंच." मग तिचा आवाज उतरला. "तुझे भाऊजी अंथरुणाला खिळलेत. नोकरी सोडली तर आम्ही खायचं काय? मला फक्त हाताखाली माणसं हवीत गं."

धाकटीने सरकारला द्यायच्या अहवालात जीव ओतला. चाळीस कचेऱ्या, चाळीस तक्ते. आक्काच्या कचेरीचा तक्ता तिने हट्टाने पहिल्या पानावर घेतला.

"मॅडम, 'अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे कर्मचारी' एवढं काही या रकान्यात मावत नाही," टंकलेखिका म्हणाली.

"मग नुसतं 'अतिरिक्त कर्मचारी' कर. वाचणारे काही दूधखुळे नाहीत."

दोन महिन्यांनी खुद्द सचिवांचा फोन आला.

"असे अहवाल आम्ही कपाटात टाकतो, खोटं कशाला बोलू? पण तुमचा वाचला. डोळे उघडले आमचे. लगेच कारवाई करतोय."

"पहिल्या पानावरच्या कचेरीचं काय?" तिने भीतभीत विचारलं.

"सुरुवात तिथूनच. आदेश घेऊन माणूस निघालासुद्धा."

तिने वर्ग अर्ध्यात सोडला आणि धावतपळत कचेरी गाठली. तिच्या पाठोपाठच बगलेत पिशवी मारून एक गृहस्थ दारात आले. आक्काचा चेहरा कधी नव्हे तो फुलला. तिने फडक्याने एक खुर्ची खसाखसा पुसली.

"या, बसा! आवक घेता की तपासणी? तुम्हीच निवडा बाबा, पहिला मान तुमचा."

गृहस्थ बसले नाहीत. "आधी पोच द्या."

आक्काने लिफाफा फोडला, आदेशावर शिक्का मारला, वहीत नोंद केली, पोच दिली. आधी शिक्का, मग वाचन, ही तिची वीस वर्षांची सवय. गृहस्थ आले तसे निघून गेले.

"गेले कुठे हे? साहेबांना कळवायला गेले असतील. वाच गं तू, माझा चष्मा कुठल्या टेबलावर राहिलाय देव जाणे. सगळे सहा येणार ना?"

धाकटी मोठ्याने वाचू लागली. "संदर्भ, प्राध्यापिकांचा अहवाल, पान एक. मंजूर पदे सात, हजर कर्मचारी एक, अतिरिक्त कर्मचारी एक. सबब, सदर अतिरिक्त कर्मचाऱ्यास आज कार्यालयीन वेळ संपताच सेवेतून कमी करण्यात येत आहे."