तीन कामांचा नियम

सुहासिनीबाई साडी नेसून, पर्स काखेत धरून दारात उभ्या होत्या.

"एकच काम आहे," त्यांनी कबूल केलं. "शांताला शेवटचं बघून यायचंय."

मुलगा आणि सून, मुकुल आणि अंतरा, यांनी एकमेकांकडे पाहिलं. घर एकोणिसाव्या मजल्यावर. लिफ्ट अकरा दिवस बंद. तिचा एक पार्ट चेन्नईहून येणार होता, तो दुसऱ्या पार्टची वाट बघत चेन्नईतच थांबलेला. चौथ्या दिवशी घरात नियम झाला. खाली तीन कामं असतील तर उतरायचं. दोन असतील तर चर्चा. एका कामासाठी कोणीही उतरायचं नाही. परवा मुकुल नियम मोडून नुसत्या दुधासाठी गेलेला. वर आल्यावर ते दूध त्यालाच पाजावं लागलं.

अंतराने फ्रिजवरचा कागद काढला. त्यावर दोन रकाने होते.

"खर्च," ती म्हणाली. "एकोणीस मजले खाली, एकोणीस वर. आईंचे गुडघे, दोन. घोडबंदर रोडवरून वर्तकनगरपर्यंत रिक्षा, पस्तीस मिनिटं. फायदा..." पेन थांबलं. "आई, रागावू नका हं. पण तुम्ही आलात की नाही, हे त्यांना आता कळणार नाही ना."

"मला कळेल. तिथे एकतीस वर्षं माझं दार उघडलं की समोर तिचं दार होतं."

"हे फायद्यात टाकू?" मुकुलने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पाच वाजता नेणार होते. आत्ता दोन वाजलेले.

"नाही कोण म्हणतंय?" अंतरा म्हणाली. "नुसती अजून दोन कामं शोधूया. म्हणजे मग प्रश्नच नाही."

कामं शोधायला तास गेला. इस्त्रीचे कपडे लगेच सापडले. तिसरं काम काही केल्या सापडेना. औषधं कालच आणलेली. भाजी होती. शेवटी अंतराने गव्हाचा डबा उघडला.

"दळण."

"अगं, मयताला जाताना दळण?"

"वाटेत टाकायचं रे. येताना घ्यायचं."

"आठ किलो आहे. चढवणार कोण?"

"येताना गहू कुठे असणार? पीठ असणार."

मुकुलला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते शोधायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याने गहू पिशवीत ओतले.

सुहासिनीबाई एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत होत्या. मागून मुकुल, एका खांद्यावर गहू, दुसऱ्या हातात इस्त्रीचं गाठोडं. बघणाऱ्याला वाटावं, मायलेक घर सोडून चाललेत.

"आई, परत कशी चढशील?"

"ते उतरल्यावर बघू."

चौदाव्यावर बसल्या. अकराव्यावर बसल्या. सातव्यावर पोचल्या आणि फोन वाजला. शांताची मुलगी, हेमांगी.

"मावशी, निघालो आम्ही. मामाचं विमान आहे ना रात्री, आणि ट्रॅफिक बघता लवकर नेलेलं बरं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तुम्ही नका येऊ आता. किती जिने तुमचे."

"हो गं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

फोन पर्समध्ये ठेवायला त्यांना वेळ लागला. चेन लागत नव्हती.

"वर बारा, खाली सात," मुकुल म्हणाला. अकरा दिवसांत ते आपोआप तोंडात येऊ लागलेलं. मग त्याने गव्हाची पिशवी खाली ठेवली. "आई, सॉरी."

"आता कामं किती उरली?"

"दोन."

"म्हणजे चर्चा." त्या भिंतीला धरून उठल्या. "नको. चर्चा नको. वर्तकनगर कुठल्या बाजूला रे?"

जिन्यात खिडकी नव्हती. मुकुलने फोनवर नकाशा उघडला. नकाशा आधी रस्ता दाखवू लागला, मग ट्रॅफिक. मुकुल फोन धरून जागच्या जागी दोनदा गोल फिरला आणि त्याने बोट दाखवलं. बोटासमोर लिफ्टचं बंद दार होतं.

"इकडे. सरळ."

सुहासिनीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. दारासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून डोळे मिटले.

खालून सातशे दोनमधले दिपेश पाटील धापा टाकत आले. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, शर्ट पाठीला चिकटलेला. समोरचं दृश्य बघून ते थबकले. मुकुलने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण पाटलांनी मानेनेच त्याला थांबवलं. कॅन हळूच खाली ठेवले. चपला काढल्या. सुहासिनीबाईंच्या शेजारी, लिफ्टकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनीही हात जोडले.